टाकळा कोणता, कासविंदा कोणता?

मिरगाचा पाऊस लागला की आठ-दहा दिवसांत टाकळा उगवतो. बांधावर उगवतो, रस्त्याच्या कडेला उगवतो, पडक्या भिंतीच्या बुडाशी उगवतो. त्याला कोणी पेरत नाही, कोणी पाणी घालत नाही. घाटाखाली आपण त्याला टाकळा म्हणतो. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात. त्या दिवसांत घरातल्या साठवणीच्या भाज्या संपत आलेल्या असतात, नव्या अजून यायच्या असतात. अशा अडचणीच्या वेळी टाकळा येतो, म्हणून गरिबाच्या घरी त्याला मान आहे. कांदा-लसूण घालून परतला, मूठभर भिजवलेली चणाडाळ टाकली, की भाकरीबरोबर पोटभर जेवण होते. अशा हिरव्या पाल्यात लोह असते, हाडांना लागणारा चुना असतो आणि डोळ्यांना लागणारे अ जीवनसत्त्वही असते.

१९७२ साली देशावर मोठा दुष्काळ पडला. लोक खडी फोडायच्या कामावर जात. सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढत. त्या भागातली म्हातारी माणसे अजून सांगतात, की जिथे चार सरी पडल्या तिथे बायका पाला खुडायला धावत. तेव्हा रानभाजी म्हणजे काही हौसेची वस्तू नव्हती. आता पावसाळ्यात शहराच्या बाजारात तिला चांगला भाव येतो. सरकारचे कृषी खाते रानभाजी महोत्सव भरवते. चांगलेच आहे. पण भाव आला की घाई येते, आणि घाईत ओळख चुकते. म्हणून आजचा धडा भाजी रांधायचा नाही, भाजी ओळखायचा आहे.

एक सून आणि तिची सासू बांधावर भाजी खुडत आहेत. त्यांचे बोलणे वाचा.

"आत्याबाई, बघा केवढा टाकळा! ओटी भरली माझी."

"बघू दे. अगं, ही तर दोन निराळी झाडं दिसतायत. एक पान हातात घे. दांडीवर पानांच्या जोड्या असतात त्या मोज."

"एक, दोन, तीन, चार, पाच."

"आता हे दुसरं मोज."

"याला तीनच आहेत."

"तीन जोड्या तो टाकळा. पाच जोड्या तो कासविंदा. आता टोक बघ."

"टाकळ्याचं टोक गोल आहे. कासविंद्याचं भाल्यासारखं निमुळतं आहे."

"बरोबर. टाकळ्याच्या टोकाकडची जोडी सगळ्यांत मोठी असते, तेही बघून ठेव."

"वासावरून नाही का कळणार, आत्याबाई?"

"वासावर जाऊ नको, बाई. चुरगाळलं तर दोघांनाही उग्र वास येतो."

सासूबाईंनी शेवटी सांगितले ते फार मोलाचे आहे. पुष्कळ लोक वास घेऊन निकाल देतात. ते खरे नव्हे. जोड्या मोजताना एकाच पानावरही भागवू नये. अगदी खालच्या पानाला एखादी जोडी कमी असू शकते. तीन-चार पाने मोजावीत. कासविंद्याच्या पानाच्या देठाला बुडाशी, खोडाला लागून, एक बारीक गाठ असते. टाकळ्याला तिथे गाठ नसते. त्याची गाठ असते वर, पानांच्या जोड्यांच्या मध्ये. ही खूण बारीक आहे. पण डोळा एकदा बसला की लांबूनही चूक होत नाही.

पाऊस सरता सरता दोघांनाही पिवळी फुले येतात, मग शेंगा धरतात. तेव्हा मात्र फरक कोणालाही दिसतो. टाकळ्याची शेंग वीतभर लांब, सुतळीसारखी बारीक आणि विळ्यासारखी वाकडी असते. कासविंद्याची शेंग तिच्यापेक्षा आखूड आणि चपटी असते. मधे तपकिरी पट्टा आणि दोन्ही कडा फिक्या.

आता या शेंगेची हकीकत सांगतो, कारण ती लहान मुलांच्या जिवाची आहे.

उत्तर प्रदेशात बिजनौर नावाचा जिल्हा आहे. तिथे आणि शेजारच्या जिल्ह्यांत कित्येक वर्षे पावसाळा संपून थंडी सुरू झाली की लहान मुले आजारी पडत. दोन-चार वर्षांची, गरीब घरची मुले. आधी उलट्या होत, मग मूल वेड्यासारखे करी, मग बेशुद्ध पडे. दोन-चार दिवसांत कितीतरी मुले दगावत. सगळे म्हणत, मेंदूज्वराची साथ आली. पण तिथल्या डॉक्टरांना शंका आली. साथ असती तर मोठ्या माणसांनाही ताप आला असता, एका घरातून दुसऱ्या घरात गेली असती. त्यांनी आजारी मुलांच्या घरी जाऊन चौकशी केली. मुले कुठे खेळत होती, काय खात होती, हे विचारले. तेव्हा कळले, की मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. २००७ साली डॉक्टरांनी हा शोध छापला. त्या बियांच्या विषाने मुलांचे यकृत, स्नायू आणि मेंदू यांवर घाला पडतो. २०१६ साली ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यात पुष्कळ मुले दगावली. तिथे खरोखरची मेंदूज्वराची साथही होती. पण काही मुलांच्या बाबतीत तज्ज्ञांनी याच बियांकडे बोट दाखवले.

कासविंदा आपल्याकडे गावोगाव आहे. उकिरड्यावर, शाळेच्या कुंपणाशी, अंगणवाडीच्या मागे. काही ठिकाणी त्याचा पाला औषधात घेतात, पिकलेल्या बिया भाजून कॉफीसारखा काढाही करतात. मोठ्या माणसाने भाजून थोडे घेणे निराळे. तीन वर्षांच्या पोराने मूठभर कच्च्या बिया खाणे निराळे. घराजवळ कासविंदा असेल तर शेंग धरण्याआधी, म्हणजे गणपतीच्या आसपास, उपटून टाकावा. मोगली एरंडाचीही तीच गत. कुंपणाला लावतात, बी शेंगदाण्यासारखे गोड लागते, आणि शाळेतली पोरे ते वाटून खातात. मग पाच-दहा जणांना एकदमच उलट्या-जुलाब सुरू होतात. असे झाले तर घरगुती उपाय करीत बसू नये. मूल आणि त्याने खाल्लेली शेंग, दोन्ही घेऊन दवाखान्यात जावे. शेंग पाहिली की डॉक्टरांना चटकन कळते.

ही झाली ओळखण्याची गोष्ट. पण काही भाज्या अशा असतात, की ओळख बरोबर असली तरी रांधण्यात चूक झाली तर त्रास देतात. ठाणे, पालघर, रायगड भागात पहिल्या पावसात शेवळं येतात. जमिनीतून नुसता कोंब वर येतो, वर जांभळट-तपकिरी आवरण. नुसती चिरून फोडणीला टाकली, तर घशाला अशी खाज सुटते की पाणी पिऊनही थांबत नाही. शेवळांच्या अंगात सुईसारखे अगदी बारीक खडे असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. तोंडात गेले की जिभेला, घशाला टोचतात. सुरणात आणि अळवातही हेच असते.

मग आपल्या आया-आज्यांनी काय केले? शेवळांचे वरचे आवरण सोलायचे. आतला पिवळा भाग काढून टाकायचा. बारीक चिरून चांगले शिजवायचे. आणि काकड घालायचे. काकड म्हणजे रानातल्या एका झाडाचे आंबट, हिरवे, गोटीएवढे फळ. त्याच दिवसांत तेही येते. बाजारात शेवळं विकणारी बाई शेवळांच्या जुडीबरोबर काकडाचा वाटाही देते. शहरातली बाई म्हणते, "हे कशाला? नुसती जुडी द्या." तिला ठाऊक नसते, की अर्धी भाजी ती मागे ठेवून चालली आहे. काकड मिळाले नाही तर चिंच किंवा कोकम घालतात. आंबटाने खाज मरते. ही पद्धत कोणत्या पुस्तकात वाचून आलेली नाही. किती जणींचे घसे खाजले असतील, तेव्हा ती बसली असेल.

कोवळ्या बांबूच्या कोंबाचेही असेच. कच्च्या कोंबात सायनाईड नावाचे विष तयार होते. म्हणून तो पातळ चिरतात, पाण्यात भिजत घालतात, पाणी दोन-तीनदा बदलतात, आणि मग झाकण न ठेवता उकळून ते पाणी ओतून देतात. भांडे उघडे ठेवायचे कारण असे, की विष वाफेबरोबर निघून जाते. कातकरी, ठाकर, वारली ही माणसे रानातले कडू कंद खातात. पण कसे? काप करायचे, राख लावून उकडायचे आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचे. ज्याला एवढी मेहनत करायची नसेल त्याने कडू कंदाच्या वाटेला जाऊ नये.

कंदावरून आठवले. कंद खणताना पाल्याचा आधार पाहिजे. नुसता कंद बघून कोणी ओळखू म्हणेल तर त्याचे ऐकू नये. कळलावी ही वेल तुम्ही पाहिली असेल. हिला खड्यानाग असेही म्हणतात. श्रावण-भाद्रपदात तिला ज्वाळेसारखी फुले येतात. आधी पिवळी, मग लालभडक. पानाचे टोक पिळदार असते आणि ते शेजारच्या फांदीला विळखा घालते. फूल दिसायला इतके सुंदर, की कोकणात गौरीच्या पूजेत घेतात. पण जमिनीखालचा कंद जहर आहे. तो नांगराच्या आकाराचा, मध्ये वाकलेला असतो. वेल सुकून गेली, फूल गळून गेले, की मागे नुसता कंद उरतो. तो खाण्याचा कंद समजून माणसांनी शिजवून खाल्ला आणि जीव गमावला, असे घडलेले आहे. या कंदातल्या विषाचे नाव कोल्चिसिन. डॉक्टर तेच द्रव्य वातरक्तावर देतात, पण मिलिग्रॅमच्या मापाने, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कमी.

कळलावी हे नाव का पडले ते बायकांना ठाऊक आहे. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून पूर्वी हा कंद वाटून लावीत. कोणी पोटातही देत. हे मुळीच करू नये. कळा येत नसतील तर ती दवाखान्याची वेळ आहे. १०८ क्रमांकावर फोन केला तर रुग्णवाहिका येते.

याचा अर्थ रानातले औषध सगळे खोटे, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारी शिकलेली माणसे मला आवडत नाहीत. अडुळसाच घ्या. खोकला झाला की पाने वाफवून रस काढतात आणि मधातून देतात. पुढे शास्त्रज्ञांनी त्या पानातल्या द्रव्याचा अभ्यास केला आणि त्यावरूनच ब्रोमहेक्सिन नावाचे औषध बनवले. खोकल्याच्या पुष्कळ बाटल्यांवर ते नाव छापलेले असते. आता तुम्हाला अक्षरे येतात. घरात बाटली असली तर वाचून बघा. फक्त अडुळसा गरोदर बाईला देऊ नये. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर अडुळसा बाजूला ठेवून थुंकी तपासावी. क्षयाला अडुळसा पुरत नाही.

गुळवेलीचे उदाहरण ताजे आहे. २०२० साली कोरोनाची साथ आली. ताकद वाढते म्हणून लोकांनी घरोघरी गुळवेलीचा काढा सुरू केला. कोणी दिवसातून दोनदा, कोणी महिनोन्‌महिने. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत छापली. त्यांनी गुळवेल घेतली होती आणि त्यांच्या यकृताला सूज येऊन कावीळ झाली होती. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले, की खरी गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल. दोघांत कोण बरोबर, हा वाद आपण इथे बसून सोडवू शकत नाही. पण एक बघा. दोघांचेही म्हणणे आपल्या कामाचे आहे. वेल ओळखून घ्या, हे एकाचे. मनाला येईल तेवढी पिऊ नका, हे दुसऱ्याचे. जुना वैद्य काढा किती दिवस घ्यायचा ते सांगत असे आणि नंतर बंद करवीत असे. आपण काढा तेवढा लक्षात ठेवला, दिवस विसरलो.

काविळीवर नाकात रस पिळायची चाल अजून आहे. देवडांगरीच्या कडू फळाचा रस नाकात टाकतात. मग नाकातून पिवळे पाणी वाहते आणि लोक म्हणतात, "बघा, कावीळ गळाली!" ती कावीळ नव्हे. रसाने नाक आतून भाजते आणि त्याचे पाणी गळते. निरोग्याच्या नाकात टाकला तरी गळेल.

साप चावला तर कोणताच पाला, कोणतीच मुळी चालत नाही. जखम कापू नये, करकचून बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. तिथे प्रतिविषाची लस असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती चालते. मुंबईत परळला हाफकिन संस्थेने अशी लस वर्षानुवर्षे तयार केली आहे. विंचवावर लोक आघाडा चोळतात. कोकणातला लाल विंचू साधा नाही. त्याच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि मूल दगावते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन नावाच्या गोळीने असे रोगी वाचवता येतात हे दाखवून दिले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आघाडा चोळण्यात जो तास जातो, तो त्या गोळीचा तास असतो.

आता खुडण्याविषयी थोडे. गटाराच्या कडेची, हमरस्त्यालगतची आणि तणनाशक मारलेल्या बांधावरची भाजी घेऊ नये. तणनाशक मारल्यावर पाला दोन-चार दिवस हिरवाच दिसतो, म्हणून शेतमालकाला विचारावे. फोडशीची पाने कापावीत, मूळ उपटू नये. हिच्याच जातीच्या सफेद मुसळीची मुळे विकायला म्हणून लोकांनी इतकी खणली, की कित्येक रानांत ती शोधून सापडत नाही. पान कापले तर पुढच्या मिरगाला झाड पुन्हा उगवते. रानात राहणाऱ्यांना भाज्या, कंद, फळे गोळा करण्याचा हक्क २००६ सालच्या वनहक्क कायद्याने मिळाला आहे. त्याची माहिती ग्रामसभेत मागावी.

वहीचे काम

प्रत्येकाने एक चाळीस पानी वही करावी. एका पानावर एकच भाजी. आधी भाजीचे नाव लिहावे. एकाच भाजीला गावोगाव निराळी नावे असतात. करटोलीला कोणी काटवल म्हणतात, फोडशीला कोणी कुलू. ऐकाल ती सगळी नावे लिहा. मग पानाचे चित्र काढा. चित्र चांगले आले नाही तरी चालेल, जोड्या बरोबर मोजून काढा. नंतर कोणत्या महिन्यात येते, कोणता भाग खातात, कशात शिजवतात आणि काय टाकून देतात, ते लिहा. घरातल्या किंवा शेजारच्या म्हातारीला विचारून लिहा. तिला लिहिता येत नाही, तुम्हाला येते. तिने सांगितलेले तिला पुन्हा वाचून दाखवा. चूक असेल तर ती सांगेल.

नमुन्यासाठी एक पान खाली दिले आहे.

टाकळा. दुसरे नाव तरोटा. जून-जुलैत येतो. जोड्या तीन, टोक गोल. फुले येण्याआधीचा कोवळा पाला घ्यायचा. पुढे जून झाला की कडू लागतो. सारखा दिसणारा: कासविंदा. जोड्या चार-पाच, टोक निमुळते, देठाच्या बुडाशी गाठ. बिया विषारी. सांगितले कोणी: शेजारच्या आजींनी.

खरे पान चिकटवायचे असेल तर आधी जुन्या वर्तमानपत्रात दाबून, वर पाट किंवा वरवंटा ठेवून आठ दिवस वाळवावे. कागद रोज बदलावा. ओले पान वहीत लावले तर बुरशी येते आणि शेजारचे लिहिलेलेही पुसून जाते.